पिन आम्ही टाकला, म्हणून गुन्हाही आमचाच?

३० डिसेंबर २०१६ रोजी केंद्र सरकारने मोबाईलवरून पैसे देण्याघेण्याचे अ‍ॅप काढले आणि त्याला नाव दिले ‘भीम’. नोटाबंदीला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. वस्तीतली माणसे बँकेच्या रांगेत उभी होती आणि व्यासपीठावरून बाबासाहेबांचे नाव घेतले जात होते. १९२३ साली बाबासाहेबांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. चलन चालवणाऱ्याच्या मर्जीवर सामान्य माणसाची कमाई सोडू नये, असा त्या ग्रंथाचा रोख आहे. नाव घेणाऱ्यांना हा रोख आठवतो का, हा आमचा प्रश्न आहे. कारण आज मोबाईलवरून पैसे लुटले गेले की दोष पहिल्यांदा येतो तो ज्याचे गेले त्याच्यावरच.

आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलीने स्पर्धा परीक्षेची जुनी पुस्तके विकायला ऑनलाइन जाहिरात टाकली. तासाभरात फोन आला. समोरचा म्हणाला, मी सैन्यात आहे, बदली झालीय, पुस्तके धाकट्या भावाला हवीत, भाव करायचा नाही. विश्वास बसावा म्हणून त्याने पाच रुपये खरोखरच पाठवले. मग क्यूआर कोड आला. “हा स्कॅन करा, पिन टाका, बाकीचे पैसे खात्यात येतील.” आले काहीच नाही, महिन्याच्या मेसचे पैसे मात्र गेले. चार दिवस ती कुणाशी बोलली नाही. बँकेत गेली तर उत्तर मिळाले, “पिन तुम्हीच टाकला ना?” आणि घरी ऐकावे लागले, “एवढी शिकून उपयोग काय?”

हे दुसरे वाक्य आम्हाला जास्त झोंबते. ज्या घरात पहिलीच पिढी कॉलेजात गेली, तिथे एक फसवणूक झाली की थेट शिक्षणावरच बोट ठेवले जाते. निवृत्त अधिकारी, डॉक्टर, वकील रोज फसतात, त्यांना कुणी अडाणी म्हणत नाही. या टोमण्याच्या भीतीने आपली पोरे गप्प बसतात आणि तोवर चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरवून मोकळा होतो. १९३० या क्रमांकावर लगेच फोन केला तर वाटेतल्या खात्यात रक्कम रोखली जाण्याची शक्यता असते. चार दिवसांनी ती फारशी उरत नाही. म्हणून फसलेल्या माणसाला आधी फोन लावू द्या, प्रश्न नंतर विचारा.

पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे आता पाठ झाले पाहिजे. आपला कोड समोरचा स्कॅन करतो. पैसे मिळवायला आपण त्याचा कोड स्कॅन करत नाही. पिन म्हणजे खात्यातून पैसे द्या अशी आपली सही.

पण एवढे शिकवून व्यवस्थेला मोकळे सोडावे, हे आम्हाला मान्य नाही. याच पद्धतीने पैसे ‘मागण्याची’ विनंती पाठवूनही वर्षानुवर्षे लूट झाली. ‘तुम्हाला पैसे येत आहेत’ असे फोनवर सांगायचे आणि पिन टाकून घ्यायचा. शेवटी १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला अशी विनंती पाठवण्याची सोयच बंद झाली. दोष फक्त वापरणाऱ्यांच्या अडाणीपणाचा असता, तर सोय बंद का करावी लागली? ते कळायला नऊ वर्षे लागली, आणि त्या नऊ वर्षांचे नुकसान ज्याचे त्याने सोसले.

रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे. बँकेचा किंवा तुमचा दोष नसताना, परवानगीवाचून पैसे गेले आणि बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही तक्रार केली, तर तुमची जबाबदारी शून्य. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याचा भारही बँकेवर आहे. अडचण अशी की फसवून का होईना, पिन स्वतः टाकला की बँका त्याला ‘परवानगी’ म्हणतात. तरीही तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका. लेखी तक्रार द्या, पोच घ्या. बँकेने तक्रार फेटाळली किंवा तीस दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते आणि त्याला एक पैसाही लागत नाही. अर्ज लिहिणे ही तर आपल्या चळवळीची जुनी सवय आहे.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लावणाऱ्यांनी समोरच्याच्या मोबाईलवरची हिरवी खूण पाहून पुस्तक देऊ नये. तशी खोटी खूण दाखवणारी अ‍ॅप्स निघाली आहेत. गर्दीत नेटवर्क रखडते हे खरे, पण पैसे आले की नाही ते आपल्याच खात्यात पाहायचे. स्टॉलवर चिकटवलेल्या कोडवर कुणी दुसरा कोड चिकटवला नाही ना, हेही अधूनमधून तपासावे. आणि पैसे देताना स्क्रीनवर येणारे नाव वाचल्याशिवाय पिन टाकू नये. (नाव दिसते म्हणजे आडनावही दिसते. म्हणूनच आमच्या ओळखीचे काही दुकानदार कोडवर फक्त दुकानाचे नाव ठेवतात. कारण सांगायची गरज नाही.)

जयंतीची वर्गणी एकाच कार्यकर्त्याच्या खासगी खात्यात गोळा करू नये. मंडळाचे खाते काढा, दोघांच्या सह्या ठेवा, पावतीपुस्तक चालू ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा कोड मंडळाच्या माणसाला विचारल्याशिवाय पुढे ढकलू नका.

आम्हाला सर्वांत मोठी काळजी आहे ती खाते भाड्याने देण्याची. “तुझ्या खात्यात पैसे येतील, ते पुढे पाठव, तुझे कमिशन ठेव,” असे सांगून बेरोजगार पोरांची पासबुके, एटीएम कार्डे, सिमकार्डे घेतली जातात. चोरीचा पैसा तिथून फिरतो. मुख्य चोर दूर कुठेतरी असतो आणि पोलीस दार वाजवतात ते खातेदाराचे. खाते गोठते. त्याच खात्यात शिष्यवृत्ती येत असेल तर तीही अडकते. वकील, तारखा, पुढे नोकरीच्या वेळची पोलीस पडताळणी, हे सगळे त्या पोराच्या आईबापांच्या मजुरीतून निभवायचे. गरिबाला चोर ठरवायला या देशात फार पुरावा लागत नाही, आणि इथे तर आपण बँकेचा उतारा स्वतःच हातात देतो.

असा निरोप आला असेल तर पुसून टाकू नका. स्क्रीनशॉट घ्या, क्रमांक लिहून ठेवा आणि रविवारी अभ्यासिकेत घेऊन या. खाते आधीच दिले असेल तर रविवारची वाट पाहू नका, आजच या. बँकेत आणि पोलीस ठाण्यात आम्ही सोबत येऊ.