मिटणारी पाने

आषाढाचे दिवस होते. रत्नागिरी जिल्ह्यातील एका लहानशा गावच्या शाळेत सातवीचा वर्ग विद्युतदर्शी तयार करण्यात गढून गेला होता. लोणच्याची रिकामी काचेची बरणी, तिच्या तोंडाला मेणाने बसवलेले बूच, बुचातून आरपार गेलेली तांब्याची तार आणि तारेच्या खालच्या टोकाला मिठाईवर लावतात त्या वर्खाच्या दोन चिंचोळ्या पट्ट्या. एवढेच ते यंत्र. १७८७ साली अब्राहम बेनेट या इंग्रज धर्मोपदेशकाने सोन्याच्या वर्खाचा विद्युतदर्शी जगापुढे मांडला, तेव्हा त्याचीही घडण मुळात अशीच साधी होती. वर्ख हाताळणे मात्र सोपे नव्हे. श्वास जरा जोराने सुटला तरी तो उडतो आणि बोटाला चिकटला तर बोटाचाच होऊन जातो. तीन गटांचा वर्ख तारेपर्यंत पोचलाच नाही. त्यांपैकी काही पोटात गेला, असे मागाहून कळले.

लोकरीवर घासलेला कंगवा तारेच्या माथ्यावरून ओढला की विद्युत्प्रभार तारेतून पानांत उतरतो. दोन्ही पानांवर एकाच जातीचा प्रभार आल्यामुळे ती एकमेकांना दूर लोटतात. डोळ्यांना न दिसणारी वस्तू अशा रीतीने दिसू लागते. कंगवा दूर नेल्यानंतरही पाने विलग राहतात, असे पुस्तकात लिहिलेले होते.

दुसऱ्या दिवशी गुरुजी वह्या तपासू लागले. अठ्ठावीस वह्यांपैकी सत्तावीस वह्यांत ‘पाने विलग राहतात’ हे वाक्य जसेच्या तसे उतरले होते. एका वहीत मात्र निराळेच होते : ‘पाने उघडली आणि मिटली. वेळ ११ सेकंद.’

वहीची मालकीण भीतभीतच उभी राहिली.

“पुस्तकात काय लिहिले आहे, ते वाचले होतेस ना?” गुरुजींनी विचारले.

“वाचलं होतं, गुरुजी. पण आमची पानं मिटली. मी दोनदा मोजलं.”

गुरुजींनी सर्व बरण्या मेजावर मांडावयास लावल्या आणि प्रयोग पुन्हा करावयास सांगितले. एकामागून एक, साऱ्या बरण्यांतील पाने मिटली. वर्ग चिडीचूप झाला. प्रयोग न पाहताच त्याचा निष्कर्ष वहीत उतरवण्याची विद्या आपल्या शाळांतून फार जुनी आहे आणि तिच्यावर शाबासकीही मिळत आलेली आहे. तेव्हा सगळा दोष त्या सत्तावीस जणांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही.

पाने का मिटली, याचे उत्तर खिडकीबाहेर कोसळत होते. पावसाळी हवेतील ओलावा काचेवर आणि बुचावर बसतो आणि त्या ओलसर थरावरून प्रभार निसटून जातो. मुलांनी सारे साहित्य शाळेच्या स्वयंपाकखोलीत नेले. बरण्या आणि कंगवे उबेला धरले, बुचावरचे मेण पुसून कोरडे केले. आता तीच पाने चार मिनिटे तग धरून राहिली.

“पण गुरुजी,” ती मुलगी म्हणाली, “सगळं अगदी कोरडं केलं, तर पानं कधीच मिटायची नाहीत ना?”

तिला ठाऊक नव्हते, पण या प्रश्नाने मोठमोठ्या शास्त्रज्ञांची झोप उडवलेली होती. वस्तूवरचा प्रभार हळूहळू नाहीसा होतो, हे फ्रान्समध्ये कूलाँ यांनी १७८५ सालीच नोंदवून ठेवले होते. पुढे उपकरणे कितीही कोरडी, कितीही बंदिस्त केली, तरी पाने अखेर मिटतच. म्हणजे बरणीतील हवेतच काहीतरी प्रभारयुक्त कण निर्माण होत असले पाहिजेत आणि तेच पानांवरचा प्रभार पुसून टाकीत असले पाहिजेत. पण ते कण निर्माण कोण करतो? स्कॉटलंडमधील चार्ल्स विल्सन यांच्या मनात आले, की एखादा किरण आकाशाबाहेरून तर येत नसेल? १९०१ साली रात्रीच्या वेळी ते आपले उपकरण घेऊन रेल्वेच्या बोगद्यात गेले. डोक्यावर एवढा खडक असूनही तेथे काही फरक दिसला नाही. म्हणून त्यांनी ती कल्पना सोडून दिली. किती जवळ येऊन परतले!

मग बहुतेकांनी मानले, की हे किरण जमिनीतल्या किरणोत्सर्गी खडकांतून येत असावेत. तसे असेल, तर उंच गेल्यावर ते झपाट्याने कमी व्हावयास हवेत. १९१० मध्ये टेओडोर वुल्फ हे जर्मन धर्मगुरू स्वतः बनवलेले उपकरण घेऊन पॅरिसच्या सुमारे ३०० मीटर उंच आयफेल मनोऱ्यावर चढले. किरण कमी झाले खरे, पण अपेक्षेइतके नाहीत. पुढची पायरी ऑस्ट्रियाच्या व्हिक्टर हेस यांनी चढली आणि तीही फुग्यातून. ७ ऑगस्ट १९१२ रोजी सकाळी बोहेमियातून त्यांचा हायड्रोजनचा फुगा दोन सोबत्यांसह निघाला, तो ५,००० मीटरांहून वर गेला. श्वासासाठी प्राणवायूची नळकांडी जवळ होती. त्या विरळ, थंड हवेत हेस तीन उपकरणांवरील आकडे टिपीत राहिले. तेथे किरण जमिनीपेक्षा सुमारे दुप्पट होते! ते खालून येत नव्हते, वरून येत होते. यालाच पुढे विश्वकिरण हे नाव मिळाले आणि १९३६ साली हेस यांना नोबेल पारितोषिकाचा मान लाभला.

ही हकिगत ऐकताच मुलांची तोंडे बरणीकडे वळली. आपल्या लोणच्याच्या बरणीनेही विश्वकिरण पकडले, असे दोघातिघांनी जाहीर करून टाकले. गुरुजींनी मान हलवली. “आपल्या बुचातून प्रभार इतका गळतो, की त्या गळतीत विश्वकिरणांचा वाटा ओळखूच येणार नाही. हेस यांनी आधी गळती थांबवली होती.” मुलांचे चेहरे उतरले, परंतु आहे तेच सांगणे गुरुजींना भाग होते.

मार्गशीर्षात हवा कोरडी झाली. त्या मुलीने बरणी फडताळातून काढली, नवे मेण वितळवून बूच पुन्हा बसवले आणि मधल्या सुट्टीत ती घड्याळासमोर बसून राहिली. डबा तसाच राहिला. त्या दिवसाची तिची नोंद वहीत आहे : ‘पाने मिटली. वेळ २३ मिनिटे.’ खाली ‘कारण’ असे लिहून तिने पुढे लिहिले आहे : ‘अजून समजले नाही. उद्या बूच बदलून पाहणे.’