न मारलेला ठोसा

आधुनिक कराटेचे जनक म्हटलं की डोळ्यांपुढे कुणी धिप्पाड गडी उभा राहतो. गिचिन फुनाकोशी तसे मुळीच नव्हते. १८६८ साली ओकिनावातल्या शुरी गावी जन्मलेलं हे पोर इतकं अशक्त, की ते फार जगायचं नाही असंच घरच्यांना वाटे. पुढे ते शाळामास्तर झाले. दिवसा पोरांना शिकवायचं आणि रात्री कंदील घेऊन अंको आझातोंच्या परसात सरावाला जायचं. गुरुजी ओसरीवरून बघत राहत आणि तोच काता, म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम, पुन्हा करायला लावत. कौतुक क्वचितच वाट्याला येई. तेक्की नावाच्या तीन कातांमध्येच दहा वर्षं गेली!

असा तयार झालेला हात त्यांनी कुठे उगारला? एका रात्री ते सासुरवाडीला निघाले होते. देवासमोर ठेवायला मिठाई बरोबर होती. वाटेत दोघांनी अडवलं. एकाकडे दांडकं होतं. फुनाकोशींनी निमूटपणे मिठाई त्यांच्या हाती दिली आणि पुढे गेले. गुरुजनांना हे कळलं तेव्हा त्यांनी मनापासून शाबासकी दिली. मग देवापुढे काय ठेवलंस, असं आझातोंनी विचारलं. मनापासून प्रार्थना केली, एवढंच फुनाकोशी म्हणाले.

१९२२ साली, पन्नाशी उलटल्यावर, ते प्रात्यक्षिकासाठी टोकियोला गेले आणि तिथेच राहिले. बायको ओकिनावातच होती. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातली एक लहानशी खोली, अंगण झाडण्याचं काम आणि उरल्या वेळात कराटेची शिकवणी. आचाऱ्याला कराटे शिकवून त्यांनी जेवणाच्या पैशांत सवलत मिळवली. या हलाखीतून कराटे विद्यापीठांत पोहोचलं, आणि तिथून जगभर. आपल्याकडे गल्लोगल्ली रंगीत पट्टे बांधणाऱ्या पोरांपर्यंतही.

१९४५च्या बाँबहल्ल्यात त्यांचा शोतोकान दोजो, म्हणजे कराटेची तालीम, जळाला. त्याच वर्षी मुलगा गिगो गेला.

युद्धानंतर, ऐंशीच्या घरात असताना, एका रात्री रस्त्यात एकाने त्यांच्यावर छत्री उगारली. या वेळी त्यांनी वार चुकवला आणि हल्लेखोराचं मर्मस्थान घट्ट पकडलं. पोलिसानं त्याला नेलं. दुसऱ्या कुणी याची फुशारकी जन्मभर मारली असती. फुनाकोशींना मात्र स्वतःची लाज वाटली, आणि तसं त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलं. त्यांच्या साऱ्या कर्तृत्वात मला हीच कबुली सर्वांत मोठी वाटते.