एकशे आठ शिवलिंगं आणि एक ‘एच’

तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना पापनाशम लागतं. तिथल्या रामलिंगस्वामी मंदिरात १०८ शिवलिंगं आहेत. त्यांची माहिती दृष्टिहीन भाविकाला वेबपानावर वाचायची असेल, तर?

एनव्हीडीए या, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या मोफत स्क्रीन रीडरमध्ये ‘एच’ दाबलं की पुढचं शीर्षक येतं, ‘डी’ दाबलं की पानाचा पुढचा मुख्य भाग. मात्र पानाच्या एचटीएमएल कोडमध्ये शीर्षकाला एच१, एच२ अशीच खूण हवी, मजकूर मेन, नॅव्ह अशा विभागांत हवा. नुसती ठळक, मोठी अक्षरं डोळ्यांना शीर्षक वाटतात. स्क्रीन रीडरला तो साधाच मजकूर. मग स्थलपुराणापासून सगळं ऐकत बसायचं.

हा अन्यायच आहे, आणि किती सहज टळणारा! ‘दर्शनाच्या वेळा’ हे शब्द एच२मध्ये घातले, की दोन-तीनदा ‘एच’ दाबून तो भाविक थेट तिथे पोहोचतो.