पट्टा आखूड धरा

रविवार सकाळ, काशीदचा समुद्रकिनारा.

मुंबई-पुण्याच्या गाड्यांतून माणसांबरोबर त्यांची कुत्रीही उतरतात. फ्लॅटमध्ये वाढलेल्या जिवाला एवढी मोकळी वाळू मिळाली की तो वेडा होतो, आणि ते बघताना मलाही आनंद होतो. पण सुरूच्या बनाखालची ही वाट घोडेवाल्यांची, शहाळी विकणाऱ्या बायकांची, आजीचं बोट धरून चाललेल्या नातवाचीही आहे.

‘काही करत नाही हो तो!’ मालक लांबूनच ओरडतात. ज्याला कधीतरी कुत्रं चावलंय, त्याच्या पोटात तोवर गोळा आलेला असतो. भीतीला खात्री देऊन उपयोग नसतो, तिला अंतर द्यावं लागतं. समोरून कोणी आलं की पट्टा आखूड धरून आपणच बाजूला व्हावं. घोड्यापासून तर जास्तच लांब राहावं; तो बुजला की पाठीवरचं पोर खाली येतं.

हिवाळ्यात ओहोटीच्या रेषेवर कुरव विसावतात. हजारो मैल उडून आलेल्या त्या पाखरांमागे कुत्रं सोडणं मला क्रूर वाटतं, फोटो कितीही छान येवोत.

जनावराबाबतचा धोकादायक हलगर्जीपणा भारतीय न्याय संहितेच्या 291व्या कलमाखाली गुन्हा आहे. पण वाटेवर कायदा आठवायची वेळच का यावी? इतरांनीही मालकाला विचारल्याशिवाय परक्या कुत्र्याला हात लावू नये, बिस्कीट टाकू नये.

कुत्र्याला घेऊन काशीदला जरूर या. पट्टा, पाण्याची बाटली आणि विष्ठा उचलायला पिशव्या मात्र घरूनच घेऊन निघा.