दोन सुरांचा निरोप

मजकुराचे छोटे गठ्ठे रेडिओलहरींवरून धाडणाऱ्या पॅकेट रेडिओचा आवाज कानाला गोड नाही. १२०० आणि २२०० हर्ट्झ असे अवघे दोन सूर, आणि त्यांची अदलाबदल इतकी झपाट्याने की ऐकणाऱ्याला नुसती खरखर वाटावी. पण त्या खरखरीत पाठवणाऱ्याचे कॉल साइन असते, ज्याला निरोप द्यायचा त्याचेही असते, आणि मजकूर वाटेत बिघडला का हे ताडून पाहणारा आकडाही असतो. बिघडला, तर पलीकडून पोच येत नाही आणि अलीकडचे यंत्र तोच निरोप पुन्हा धाडते. आयुष्यभर रेडिओचा छंद जपलेला हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओचालक, पिकल्या केसांनी पॅकेटकडे परततो, तेव्हा लोक त्याला स्मरणरंजन म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. आपला शब्द कोणत्या वाटेने जातो, हे तो पुन्हा स्वतःच्या नजरेखाली आणत असतो.

याचा पुरावा पुण्यातच आहे. सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बांधलेला ‘स्वयम्’ हा उपग्रह २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी३४ने अवकाशात गेला. वजन जेमतेम एक किलो, लांबी-रुंदी-उंची दहा-दहा सेंटिमीटर. होकायंत्राच्या सुईप्रमाणे पृथ्वीच्या चुंबकत्वाला धरून त्याने आपली दिशा राखायची, एका गावावरून जाताना हॅमचा निरोप उचलायचा, जपायचा आणि दुसऱ्या गावावर आला की खाली सोडायचा, अशी ती योजना. म्हणजे फिरती टपालपेटीच. खिशात स्मार्टफोन असलेल्या मुलांनी हेच काम का निवडले असेल? एवढ्याशा डब्याला तुटपुंजी वीज मिळते, त्यावर सावकाश आणि थोडकेच बोलता येते. आणि ते बोलणे साधायचे तर त्यातला सांधा न् सांधा कळावा लागतो. इथे स्मरणरंजनाचा प्रश्नच येत नाही.

वेग फार कमी, हा आक्षेप खरा आहे. सेकंदाला १२०० बिट म्हणजे फार तर १५० बाइट. देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट खाते, म्हणून २५६ बाइटांच्या पॅकेटात जेमतेम ८५ चिन्हे मावतात. पण ‘पाणी चढतंय, होडी पाठवा’ एवढे त्यात सहज बसते. २००१च्या भूजच्या भूकंपात आणि २००४च्या त्सुनामीनंतर अंदमानात हॅम मंडळी निरोप पोहोचवत होती. अशा वेळी माणसांच्या नावांची यादी किंवा औषधांचे प्रमाण तोंडी सांगताना चुका होतात. तिथेच पॅकेटची ती पोच मोलाची ठरते. गुप्तता नाही, हेही मान्य. परवान्याचे नियम सांकेतिक लपवाछपवीला मनाई करतात, तेव्हा बँकेचे व्यवहार आणि घरची गुपिते इथे आणूच नयेत. डोंगरांचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. पॅकेटसाठी सहसा वापरतात त्या १४४ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे व्हीएचएफ, लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, आणि पुण्याच्या पश्चिमेला सह्याद्री उभा आहे. पण पॅकेट ऐकून तेच पुढे ढकलणारे केंद्र उंचावर बसवले, की अडवणारा डोंगरच उपयोगी पडतो. त्यासाठी माणसे मात्र हवीत.

पॅकेटसाठी जुना वेगळा मोडेमही आता लागत नाही. संगणकाचे साउंड कार्ड ते दोन सूर ओळखते. पुण्यात ज्यांच्या माळ्यावर व्हीएचएफ संच पडून आहे, त्यांनी तो येत्या पावसाळ्याआधी खाली उतरवावा, आणि शेजारच्या बारा वर्षांच्या मुलीला हॅम परवान्याच्या परीक्षेचा अर्ज भरायला सांगावे. परवान्यासाठी तेवढे वय पुरते.