बँडवाले मास्तर आणि आमच्या शाळेचा बँड



गेल्या आठवड्यात एका तरुण शिक्षिकेचा फोन आला. ओळख नव्हती, कोणाकडून तरी नंबर मिळवलेला. म्हणाली, "बाई, यंदा शाळेचा बँड माझ्याकडे दिलाय. १५ ऑगस्ट तोंडावर आलाय आणि मला काहीच येत नाही. तुमच्याकडे काही नोट्स आहेत का?"

नोट्स नाहीत हो माझ्याकडे. म्हटलं, गुरुवारी येते शाळेत. पण फोन ठेवला आणि १९९४ चा जून डोळ्यासमोर उभा राहिला. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी मूळची अमळनेरची. लग्न झालं आणि ताप्ती लाइनच्या गाडीत बसून सुरतेला आले, जशा आपल्यातल्या कितीतरी जणी आल्या. हे पांडेसऱ्याला प्रोसेस हाउसमध्ये, मी उधना बाजूच्या एका मराठी शाळेत. दोन वर्षं पाचवी-सहावीला शिकवलं. तिसऱ्या वर्षी बँड बघणारे गुरुजी निवृत्त होऊन गावाला गेले आणि मुख्याध्यापकांनी कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली. "तुम्ही भजनात पेटी वाजवता ना? मग झालं तर."

कपाटात सहा साइड ड्रम, त्यातल्या दोघांची कातडी फाटलेली. एक मोठा ड्रम, चार बिगुल, झांजा, एक ट्रँगल आणि सगळ्यांच्या पुढे चालणाऱ्याची ती गोंडेवाली काठी. मला वाटलं होतं एखादी वही तरी सापडेल. नाही सापडली. गुरुजींचं सगळं डोक्यात होतं आणि ते त्यांच्याबरोबर गाडीत बसून गेलं.

डी.एड.ला आम्हाला पाठाचं टाचण कसं काढायचं, फळ्यावर कसं लिहायचं, सगळं शिकवलं. बँड कसा बसवायचा हे कोणी शिकवलं नाही. लष्कराच्या बँडवाल्यांसाठी पचमढीला १९५० पासून संगीताचं स्वतंत्र शिक्षण आहे. शाळेतल्या बाईला काय, तर किल्ली!

मग माझे प्रयोग सुरू झाले. बिगुलाला पट्ट्या नसतात, भोकं नसतात. ओठ जितके आवळाल तितका सूर वर, आणि त्यातून निघून निघून मोजके पाच-सहा सूर निघतात. मी पडले पेटीवाली. दोन आठवडे पोरांकडून बिगुलावर आख्खं गाणं काढून घ्यायच्या मागे होते. पोरं बिचारी फुगून लाल. शेवटी मला कळलं की ते होणारच नाही, पण हे पोरांना सांगायला लाज वाटली. म्हणून त्यांच्यावरच चिडले.

त्यातला एक पोरगा मात्र फार छान वाजवायचा. सहावीतला. वडील लूमवर, आई घरी साड्यांवर टिकल्या लावायची. बारीक अंगाचा, पण बिगुल तोंडाला लावला की मैदानाच्या टोकाला ऐकू जायचा. झेंडावंदनाचा बिगुल त्यालाच दिला.

१५ ऑगस्टला सोमवार होता. मी पोरांना पहाटे सहाला बोलावलं. सरावाला वेळ मिळावा म्हणून! झेंडा साडेआठला. तोपर्यंत त्या पोराकडून किती वेळा बिगुल वाजवून घेतला ते देवाला ठाऊक. रात्रभर पाऊस पडून गेलेला, ड्रमची कातडी ओलाव्याने सैल पडलेली, आवाज भिजलेल्या पुठ्ठ्यावर थाप मारावी तसा. संचलन सुरू झालं आणि मोठ्या ड्रमवाला घाईत सुटला. मी पुढे उभी राहून हात हलवतेय तर तो आणखी जोरात. पोरांचे पाय कोणाचा डावा कोणाचा उजवा. तिथपर्यंत निभावलं. झेंडा वर गेला आणि बिगुलातून नुसती हवा. फुस्स. त्याने परत प्रयत्न केला, सूर फाटला. मागच्या रांगेत हशा.

कार्यक्रम संपल्यावर, सगळी शाळा खाऊसाठी रांगेत उभी असताना, पाहुण्यांच्या देखत मी त्याला म्हणाले, "एवढंसुद्धा जमलं नाही तुला? सगळ्या शाळेची लाज घालवलीस."

त्याने बिगुल ओट्यावर ठेवला आणि रांगेत जाऊन उभा राहिला. खाऊ घेतला नाही. शेजारच्या शाळेचे एक गुजराती सर मला म्हणाले, "चाले बेन, छोकरांओ छे." मला तेही टोचलं.

दोन दिवसांनी फाटके ड्रम रिक्षात घालून लिंबायतला एका बँडच्या गाळ्यात गेले. लग्नाचा बँड. भिंतीवर ट्रम्पेट टांगलेले, खाली जरीच्या टोप्या. मास्तर साठीचे, आपल्याच खानदेशचे. चातुर्मासात लग्नं नाहीत म्हणून बाजेवर आरामात बसलेले. ड्रम बघत म्हणाले, "बाई, तुमचा बँड ऐकला परवा."

"तुम्ही आला होतात?"

"नाही. भितीपलीकडून जात होतो. ऐकलं का समदं दिसतं." मग थांबून, "त्या बिगुलवाल्या पोऱ्याले सकाळपासून किती येळा फुंकाले लावलं?"

मी मनातल्या मनात मोजलं. वीस-पंचवीस वेळा तरी झालं असेल.

"मंग ओठ ऱ्हायले कुठं? आम्ही वरातीत दोन गाणी झाली का ट्रम्पेटवाल्याले उसंत देतो, तवर क्लॅरिनेटवाला ओढतो. ओठ बी मासाचाच हाय ना बाई. दमतो."

मी सांगून टाकलं की मी त्याला रागावले. ते म्हणाले, "चारचौघात?" मी हो म्हटलं. "मंग माफी बी चारचौघात मागा."

आता लिहायला लाज वाटते, पण खरं ते सांगते. तेव्हा मनात आलं, हा वाजंत्रीवाला मला शिकवणार? आणि मी शिक्षिका, सहावीतल्या पोराची माफी मागू? पैसे विचारले, ड्रम शनिवारी न्या म्हणाले, आणि मी निघाले.

शनिवारी परत गेले ती मात्र तिथेच बसले. नवी कातडी ताणून त्यांनी ड्रम असा वाजवला की माझं तोंड उघडंच राहिलं. म्हटलं, मास्तर, मला शिकवाल? म्हणाले, "पोरांले शिकवायचं का तुमाले?" मी म्हटलं, आधी मलाच.

घरी सासूबाईंना पटेना. मास्तरीण असून बँडवाल्याच्या गाळ्यात बसते, लोक काय म्हणतील! तर हे म्हणाले, मी बसतो बरोबर. आणि खरंच पहिले काही दिवस पेपर घेऊन कोपऱ्यात बसले. नंतर कंटाळले आणि मी एकटीच जाऊ लागले.

मास्तरांची शिकवण्याची रीत माझ्या डी.एड.मधल्या कुठल्याच पुस्तकात नव्हती. पहिले पंधरा दिवस वाद्य काढायचंच नाही. फक्त चालायचं. "आधी पाय, मंग हात, मंग तोंड." तोंडाने धम् धम् म्हणत पोरांना मैदानाभोवती फिरवायचं. मी घड्याळ लावून बघितलं तर ते जो वेग धरायचे त्यात पंधरा सेकंदांत तीस पावलं पडायची. पुढे कळलं की लष्कराची जलद चाल मिनिटाला १२० पावलांचीच असते. मास्तरांना तो आकडा माहीत नव्हता, पायाला माहीत होता.

मोठा ड्रम कोणाला द्यायचा? मी सगळ्यात धिप्पाड पोराला दिला होता. ते म्हणाले, जो पोऱ्या गडबडत नाही त्याले द्या. सगळ्यांचा डावा पाय त्याच्या ठोक्यावर पडतो, तो पळाला की आख्खी शाळा पळते. साइड ड्रमसाठी चौघड केलेल्या गोणपाटावर काड्या घेऊन बसवायचे. उजव्या हाताने दोन, मामा. डाव्या हाताने दोन, काका. मामा-काका, मामा-काका, आधी सावकाश, मग जलद, की आपोआप ती सलग घरघर सुरू होते. घरी मी पोळपाटावर लाटण्यांनी सराव करायचे. सासूबाई देवघरातून बघायच्या.

पावसाळ्यात कातडं शेगडीच्या धगीवर लांबून शेकायचं, जवळ नेलं की तडकतं. बिगुल एका वेळी दहा मिनिटं, मग पोराला पाणी आणि विसावा. कार्यक्रमाच्या दिवशी फक्त दोनदा, ओठ गरम करण्यापुरता. आणि बाईंनी पुढे उभं राहून हात हलवायचे नाहीत. बाईंनी मोठ्या ड्रमच्या मागे चालायचं, म्हणजे तो बिचकत नाही. हे ऐकून मी चकितच झाले. पुढे उभं राहणं म्हणजेच बँड बसवणं अशी माझी समजूत.

मी पुष्कळ विनवलं की एकदा मैदानावर या. आले नाहीत. "मी आत आलो तं पोरं माझ्याकडं पाहतील. मंग तुमचं कोण ऐकंल?" सराव असला की भिंतीबाहेर नळाजवळ उभे राहायचे. संध्याकाळी गाळ्यात गेले की दिवसभरातली एकच चूक सांगायचे. मी विचारायचे, बाकीच्या? "बाकीच्या उद्या."

पैसे घेतले नाहीत. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांच्या सुपाऱ्यांची वही मी लिहून द्यायचे. कोणाचं लग्न, कुठून कुठपर्यंत वरात, इसार किती, बाकी किती. पुढे कित्येक वर्षं ती वही माझ्याच अक्षरात होती.

आणि तो पोरगा? वर्गात यायचा, बँडला नाही. दुसऱ्या बाकावर बसायचा. मी रोज ठरवायची, आज हजेरीनंतर बोलायचं. हजेरी व्हायची, गणित सुरू व्हायचं. मास्तरांनी एकदा विचारलं, "झालं का ते?" मी म्हटलं, गणपतीनंतर. पुन्हा त्यांनी विचारलं नाही.

गणपतीनंतर काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. विसर्जनाला आठवडाही झाला नव्हता आणि शहरात प्लेगची बातमी पसरली. तोंडाला रुमाल, औषधाच्या दुकानांपुढे टेट्रासायक्लिनसाठी रांगा, स्टेशनवर पाय ठेवायला जागा नाही. आम्हीही दोन पिशव्या घेऊन अमळनेर गाठलं. मास्तर त्यांच्या गावाला. शाळा बंद.

परत येऊन वर्ग भरला तेव्हा कितीतरी बाकं रिकामी होती. हळूहळू भरत गेली. दुसऱ्या बाकावरची ती जागा भरली नाही. डिसेंबरात त्याचे काका दाखला न्यायला आले. घरचे बरे आहेत ना, एवढं आधी विचारलं. बरे होते. आता गावालाच राहणार म्हणाले. दाखला मीच लिहिला. 'वर्तणूक' या रकान्यात 'उत्तम' असं लिहिलं. दुसरं काही लिहायला त्या कागदावर जागा नव्हती.

२६ जानेवारी १९९५ ला आमचा बँड वाजला. चार साइड ड्रम, मोठा ड्रम, झांजा. बिगुल ठेवला नाही मी. पोरांचे पाय एकत्र पडले. संध्याकाळी गाळ्यात गेले तर मास्तर म्हणाले, "झांजवाला वळताना एक ठोका खातो." बास, एवढंच.

त्यानंतर वीसहून जास्त वर्षं बँड माझ्याकडे राहिला. मीठी खाडीचं पाणी दोनदा वर्गात शिरलं, ड्रम कपाटावर चढवून वाचवले. मास्तर गेले. दुसऱ्या शाळांतल्या नवीन शिक्षिका माझ्याकडे यायला लागल्या, आणि माझ्याकडे त्यांना द्यायला मास्तरांचीच रीत होती, दुसरं काही नव्हतं.

आता साधनं चांगली आली. प्लॅस्टिकची पानं पावसात सैल पडत नाहीत, मोबाइलवर ठेक्याचे व्हिडिओ मिळतात. प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला दिल्लीत शालेय बँडची राष्ट्रीय स्पर्धा होते, ब्रास बँड वेगळा, पाइप बँड वेगळा, मुलींचे संघ वेगळे. बघायला छान वाटतं. पण फोन येतो तो अजून जून-जुलैतच, आणि पलीकडे एकटी मुलगी हातात किल्ली घेऊन. ओळखीच्या मुख्याध्यापकांना मी दरवेळी सांगते, जुने गुरुजी जायच्या आधी एक हंगाम नव्या बाईला त्यांच्याबरोबर ठेवा. "बघू" म्हणतात. व्हिडिओ ठोका शिकवतो हो, पण आज पोरांचे ओठ दमलेत हे व्हिडिओला कसं कळणार?

गुरुवारी त्या मुलीच्या शाळेत जाते. मैदानावर उतरणार नाही, गेटबाहेरूनच ऐकणार, हे तिला अजून सांगितलेलं नाही. रागावेल बहुतेक.

आणि एक राहिलं, खरं तर त्यासाठीच हे लिहायला बसले. तो पोरगा आता चाळिशी ओलांडलेला असेल. गाव पारोळा बाजूचं. त्याचं नाव इथे लिहीत नाही, त्याला आवडेल न आवडेल. पण १९९४ च्या त्या झेंडावंदनाला हजर असलेले आपल्यात काही जण असतील, तेव्हा रांगेत उभे राहून हसलेलेही असतील. त्या दिवशी चूक त्याची नव्हती. पहाटेपासून त्याचे ओठ मी दमवले होते. सगळ्यांसमोर रागावले होते, म्हणून सगळ्यांसमोर त्याची माफी मागते. कोणी ओळखत असाल तर त्याला हे वाचून दाखवा.