निजामाची खुर्ची

लढाईचा खेळ खेळायचा म्हटलं की महाराष्ट्रात पहिली अडचण येते ती शत्रूची. सैन्य मिळतं, दारूगोळा मिळतो, सेनापती तर घरटी दोन मिळतात. पण शत्रू व्हायला कोणी तयार नसतं. आमच्या लहानपणी बीडला बिंदुसरेच्या वाळवंटात आम्ही लढाया खेळायचो तेव्हा सात पोरांत सात शिवाजी असत. सहावा आणि सातवा शिवाजी वयाने लहान, पण ते रडून महाराजपद टिकवत. शेवटी काठावरच्या एका बाभळीला शत्रू नेमलं जाई. त्या बाभळीने जेवढ्या लढाया हरल्या तेवढ्या दिल्लीच्या एकाही बादशहाने हरल्या नसतील.

दिवाळीतल्या किल्ल्यांचीही तीच कथा. बुरुज असतात, भुयार असतं, अळिवाचं रान असतं, पायथ्याशी वाघ, गवळण आणि एखादा ट्रॅफिक पोलीसही असतो. शत्रू तेवढा नसतो. त्यामुळे मातीचे मावळे चार दिवस भाले रोखून एकमेकांकडेच बघत उभे असतात. आपल्याकडच्या सार्वजनिक जीवनाचं रहस्य त्या किल्ल्यांत असावं, असा मला संशय आहे. पण तो विषय वेगळा.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आमच्या साडूंचा मुलगा. तो पुण्यात कॉम्प्युटरचं काहीतरी करतो. काय करतो ते त्याने मला तीनदा समजावून सांगितलं आहे आणि तिन्ही वेळा मी मान डोलावली आहे. त्याचा खरा उद्योग मात्र वेगळाच. तो टेबलावर लढाया खेळतो. बोटाच्या पेराएवढे शिपाई विकत आणतो, त्यांचे हातपाय डिंकाने चिकटवतो, आणि तीन केसांच्या कुंचल्याने त्यांच्या डोळ्यांत बुबुळं काढतो. त्या पायदळाची किंमत ऐकून मी खाली बसलो. आमच्या काळी तेवढ्यात लग्नाचा बस्ता होऊन वर वाजंत्री ठरली असती.

हा पोरखेळ नाही, हे मात्र कबूल केलं पाहिजे. बुद्धिबळ म्हणजेही शेवटी हत्ती, घोडे, उंट आणि प्याद्यांची लढाईच. जर्मनीतल्या हेल्विग नावाच्या गणित्याला वाटलं की खऱ्या रणांगणावर डोंगर असतात, नद्या असतात. मग पटावर का नसाव्यात? त्याने १७८० साली तसा भलामोठा पट केला. पुढे प्रशियातल्या राइसवित्झ बापलेकांनी चौकटी काढून टाकल्या. मुलाने १८२४ साली त्या खेळाला नकाशा, फासे आणि एक पंच देऊन तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणाला लावला. एच. जी. वेल्ससारखा मोठा लेखक पोरांच्या खोलीत जमिनीवर पालथा पडून खेळण्यातल्या तोफेने शिपाई पाडायचा. त्याने १९१३ साली या खेळाच्या नियमांचं पुस्तकच लिहिलं आणि खेळणाऱ्याच्या वयाची वरची मर्यादा दीडशे वर्षं ठेवली. खऱ्या युद्धापेक्षा हे छोटं युद्ध बरं, असं त्याचं म्हणणं होतं. मोठ्या माणसांनी ते ऐकलं नाही. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं.

तर गेल्या दिवाळीत हा मुलगा बायको, मुलगी आणि दोन पेट्या सैन्य घेऊन आमच्याकडे आला. गेवराईहून साडूही आले. साडूंची ओळख करून द्यायला हवी, कारण पुढचा सगळा रक्तपात त्यांनी केला आहे. हा माणूस रस्ता ओलांडायला दहा मिनिटं घेतो. दुसरा चहा हवा असेल तर "पातेल्यात उरलाच असेल तर" म्हणतो. जिल्हा परिषदेत एकतीस वर्षं नोकरी केली, पण कुणाला वर मान करून बोलले नाहीत. आणि पंख्याखाली बसायचं असेल तर पंख्याच्या मालकाची परवानगी घेतात. याउलट मी. माझा आवाज चढा, राग नाकावर. रिक्षावाल्यापासून वीज मंडळापर्यंत माझी कुणाशी ना कुणाशी लढाई चालूच असते.

"काका," मुलगा म्हणाला, "आज आपण राक्षसभुवन खेळू."

साडू खुर्चीतून उठून उभे राहिले. "राक्षसभुवन? आमच्या तालुक्यातली लढाई हाय ती! मराठे मी घेतो."

गेवराई तालुक्यात गोदावरीच्या दक्षिण काठावर हे गाव आहे. शनीच्या देवळासाठी लोक तिथे जातात. पण १० ऑगस्ट १७६३ रोजी तिथे पेशव्यांनी निजाम अलीचा पराभव केला, हे किती जणांना ठाऊक असतं कोण जाणे. त्या वर्षीची मोहीमही गमतीचीच. मराठे निजामाचा मुलूख लुटायला गेले, तेवढ्यात निजामाने येऊन पुणं लुटलं आणि जाळलं. म्हणजे दोघेही एकमेकांच्या घरी गेले, पण भेट झाली नाही. ती भेट शेवटी श्रावणात राक्षसभुवनाला झाली. निजाम औरंगाबादकडे निघाला होता आणि काही फौजेनिशी नदीच्या पलीकडे पोचलाही होता. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेली फौज घेऊन अलीकडेच होता, नदी भरून वाहत होती, आणि मागून मराठे आले.

"मग निजाम कोण?" मी विचारलं.

खोलीत शांतता पसरली. सगळे माझ्याकडे बघत होते. मी बाभळीच्या झाडासारखा उभा होतो.

याला एक जुना संदर्भ आहे. साडूंचे वडील अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या शाळेत शिकले आणि १९३८ च्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. माझे आजोबा त्याच सुमारास निजामाच्या तहसिलीत पेशकार होते. उर्दूत कागद लिहायचे आणि महिन्याच्या महिन्याला पगार घ्यायचे. माझ्या लग्नात पंगतीला साडू हळूच म्हणाले होते, "वाढा, वाढा, निजामाच्या माणसाला जिलबी वाढा." त्या गरीब माणसाने आयुष्यात केलेली ती एकमेव थट्टा. पण आवडली असावी, कारण पुढची चाळीस-बेचाळीस वर्षं ते दर कार्यात तीच करत आले. मीही हसतो. पण जिलबी मात्र तेव्हापासून घशाखाली जराशी अडकूनच उतरते.

तेव्हा निजामाची खुर्ची मला मिळाली, यात काही नवल नव्हतं.

जेवणाच्या टेबलावर रणभूमी मांडायला घेतली. गोदावरीसाठी मुलाने मावशीकडे निळी पैठणी मागितली. गोदावरी पैठणहूनच खाली येते, असा त्याचा युक्तिवाद. आमची ही म्हणाली, "चाळीस वर्षांत एक पैठणी मिळालीय, ती काय नदीत सोडू?" शेवटी निळी चादर आली. पुण्याच्या कुंभारवाड्यातले मातीचे मावळे उभे राहिले. घोडदळ कमी पडलं तेव्हा मुलाने आपल्या विलायती पेटीतून हिरव्या रंगाचे, सुळेवाले, कुऱ्हाडी परजणारे राक्षस काढले. ती म्हणे त्याची आवडती सेना; विचार करत बसायचं नाही, धावून जायचं आणि हाणायचं, हाच तिचा धर्म. ते राक्षस साडूंच्या आघाडीला लागले. गावाचं नाव एकदाचं सार्थ झालं.

राघोबादादा साडूंकडे आले. माधवराव पेशवे उरले. लढाईच्या वेळी माधवरावांचं वय अठरा. त्यांना घरात सगळ्यात लहान म्हणून नऊ वर्षांच्या नातीकडे दिलं. पलीकडच्या काठावर लोणच्याच्या बरणीशेजारी हत्तीवर निजाम अली बसला. अलीकडे नदीला पाठ लावून विठ्ठल सुंदर, म्हणजे मी.

नियम सोपे होते. पायदळ सहा इंच, घोडदळ बारा. धावून जाणाऱ्याला एक फासा जास्त. आणि दर फेरीला मी नदीचा फासा टाकायचा. सहा पडले तर पाणी ओसरलं, निजाम मदतीला येणार.

पहिल्याच फेरीला साडूंनी मेझर टेप हातात घेतली आणि माणूस बदलला. "हाण!" ते ओरडले. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघणारा हा गृहस्थ डावीकडे बघेना, उजवीकडे बघेना. राक्षस, मावळे, घोडे, सगळं एकदम सुटलं. माझी डावी फळी तिसऱ्या मिनिटाला चादरीत बुडाली.

"भावोजी, चहा ठेवू का?" हिने आतून विचारलं.

"ठेवा!" साडू गरजले. पातेल्यात उरलाय का, हे विचारलंसुद्धा नाही.

आणि मी? मी जन्मभर भांडत आलो. पण त्या खुर्चीत बसल्यावर माझ्या हातून एक शिपाई पुढे सरकेना. प्रत्येकाला तोफेच्या आड घेत होतो, मोजत होतो, आणि दर फेरीला नदीचा फासा टाकत होतो. तीन. एक. चार. पलीकडे निजाम बरणीला टेकून निवांत. मालक पलीकडच्या काठावर आणि मार खायला आपण अलीकडे, ही काय अवस्था असते, ते मला पुस्तकात वाचून कधी कळलं नव्हतं.

मात्र धावत सुटलेल्या सैन्याचा एक दोष असतो. ते पुढे जातं, पण सेनापतीही त्याच्याबरोबर पुढे जातो. पाचव्या फेरीला राघोबादादा माझ्या तोफा आणि गारद्यांच्या मधोमध एकटेच उभे राहिले. मी तिन्ही बाजूंनी शिपाई सरकवले. दादा पकडले गेले.

"असं कसं?" साडू लाल झाले. "इतिहासात दादा पकडले गेले न्हाईत!"

"अण्णा, फासा इतिहास वाचत नाही," मुलगा म्हणाला.

"मग कामून खेळायलेत आपण? लढाई आपण जिंकलेली हाय!"

वास्तविक साडूंना वाटलं होतं तेवढं हे इतिहासाला सोडून नव्हतं. खऱ्या लढाईतही राघोबादादा असेच वेढ्यात सापडले होते. आदल्या वर्षीच या चुलत्याने पुतण्यावर फौज आणून आळेगावला त्याला शरण यायला लावलं होतं. त्याच चुलत्याला सोडवायला तोच पुतण्या धावला.

आमचे माधवराव मात्र इतका वेळ खुर्चीवर पाय हलवत चकली खात होते. सगळे आजोबा ओरडत असताना तिने एकही घोडा हलवला नव्हता.

"माझी पाळी आली का?" तिने विचारलं. मग टेप धरून शांतपणे मोजलं, आणि माझ्या मोकळ्या उजव्या बगलेवर सगळं ताजं घोडदळ घातलं. फासे टाकले. पाच, सहा, सहा. शेवटचा नदीचा फासा मी टाकला. दोन पडले. विठ्ठल सुंदर आडवा झाला. खऱ्या लढाईतही तो तिथेच पडला होता.

साडूंनी नातीला उचलून घेतलं. मी त्या आडव्या मातीच्या बाहुलीकडे बघत होतो. हा दिवाणही आपल्यासारखाच मराठी बोलणारा ब्राह्मण. निजामाने त्याला राजा प्रतापवंत केलं होतं. तो हरला आणि पोवाड्यातून गेला. बखरीत उरला तो शत्रू म्हणून. माझ्या आजोबांना तर बखरसुद्धा मिळाली नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचं राज्य संपलं. एकशे पंच्याऐंशी वर्षांपूर्वी जिथे मराठ्यांनी निजामाला हरवलं, तो जिल्हाही तोवर निजामाच्याच संस्थानात होता, ही गोष्ट पोवाड्यात सहसा येत नाही. आजोबांची दौत तीच राहिली, टाक तोच राहिला, मालक बदलला. तुरुंगात गेलेल्यांच्या घरांत तसबिरी लागल्या, त्या लागायलाच हव्या होत्या. नोकरी केलेल्यांच्या घरांत मात्र लोक हळू आवाजात बोलू लागले. माझा आवाज लहानपणापासून इतका चढा का, याचा विचार मी पहिल्यांदा त्या टेबलापाशी केला.

टेबल आवरायला सुरुवात झाली. ताटं मांडायची होती. साडूंनी आपले राक्षस पेटीत भरले, मावळे भरले. मग विठ्ठल सुंदर उचलला, धोतराच्या सोग्याने त्याच्या तोंडावरचं चकलीचं पीठ पुसलं आणि मला दिसेल असा पाण्याच्या तांब्याशेजारी उभा केला.

"शेवटपर्यंत हलला न्हाई हो गडी," ते म्हणाले. आणि जरा थांबून, नेहमीच्या खालच्या आवाजात म्हणाले, "नोकरी म्हणलं की असंच असतंय. आम्ही तरी एकतीस वर्षं काय केलं?"

त्या रात्री पंगतीत जिलबी होती. साडूंनी ती मला स्वतः वाढली आणि वाढताना काहीच बोलले नाहीत. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच नुसती जिलबी खाल्ली. चांगली होती, पाक जरा कमी होता, पण ते मी बोललो नाही.

परवा त्यांचा फोन आला. उन्हाळ्यात मुलगा येणार आहे आणि या वेळी खर्ड्याची लढाई मांडायची आहे. ११ मार्च १७९५, पुन्हा निजाम अली आणि पुन्हा पराभवच. खर्डा गाव इथून जवळ, जामखेडच्या बाजूला.

"ऐका," साडू म्हणाले, "या टायमाला तुम्ही मराठे घ्या. निजामाच्या खुर्चीत मी बसतो. दर टायमाला तुम्हीच कामून?"

मला काय बोलावं ते सुचेना. घसा खाकरून मी म्हटलं, "अहो, पण निजाम त्यात हरतो."

"ते माहीत हाय," साडू म्हणाले. मग फोनवरही इकडेतिकडे बघत असावेत असा आवाज खाली आला. "फक्त एक विचारायचं होतं. पहिल्याच फेरीला निजामाने धावून जायला तुमची काही हरकत न्हाई ना?"